साउथॉलचे सूर

प्रस्तावना

गाणे आपण करमणुकीसाठी ऐकतो. तसेच ते काम करताना, सणसमारंभात, मोर्चात आणि शोकसभेतही आपल्या सोबतीला असते. शब्द आणि ठेका एकत्र आले, की एकमेकांना न ओळखणारी माणसेही एका लयीत टाळ्या वाजवू लागतात. गाण्याच्या या सामर्थ्याचा अन्यायाविरुद्धच्या लढ्यात कसा उपयोग होतो आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे या पाठात आपण एका खऱ्या उदाहरणावरून समजून घेणार आहोत. हे उदाहरण आहे लंडन शहराच्या पश्चिमेकडील साउथॉल या उपनगरात उदयास आलेल्या ‘मिस्टी इन रूट्स’ या बँडचे. या बँडमधील तरुण कॅरिबियन वंशाचे होते. परंतु ते ज्या वस्तीत वाढले, तिथे पंजाबातून गेलेल्या भारतीयांची संख्या फार मोठी होती. त्यामुळे ही कथा परदेशात घडलेली असली, तरी तिचा एक धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोहोचतो.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण –

• रेगे संगीताचा उगम व त्याची वैशिष्ट्ये सांगू शकाल;
• १९७० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये वर्णद्वेष का वाढला, हे स्पष्ट करू शकाल;
• २३ एप्रिल १९७९ रोजी साउथॉल येथे घडलेल्या घटनांचा क्रम लावू शकाल;
• सामाजिक चळवळीतील संगीताचे कार्य आणि त्याच्या मर्यादा यांविषयी स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळ पाठ

दोन वाटांनी आलेले शेजारी

दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा ब्रिटनमध्ये कामगारांची मोठी टंचाई होती. बस, रेल्वे, इस्पितळे आणि कारखाने चालवायला माणसे हवी होती. १९४८ च्या जून महिन्यात ‘एम्पायर विंडरश’ नावाचे जहाज कॅरिबियन बेटांवरील शेकडो प्रवाशांना घेऊन लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागले. त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने राष्ट्रकुलातील लोकांना ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा व काम करण्याचा मार्ग मोकळा केला. पुढील काही वर्षांत जमैका व इतर बेटांवरून, तसेच भारत आणि पाकिस्तानातून हजारो माणसे तेथे गेली.

पंजाबातून आलेल्या अनेकांनी साउथॉल गाठले. जवळच असलेल्या वुल्फ रबर कारखान्यात काम मिळत असे. ते काम कष्टाचे, उष्णतेचे व धुराचे होते. स्थानिक कामगार ते टाळत असत. हीथ्रो विमानतळही फार दूर नव्हता. हळूहळू तेथे गुरुद्वारे उभे राहिले, मसाल्यांची व कापडाची दुकाने निघाली आणि ‘इंडियन वर्कर्स असोसिएशन’ या संघटनेच्या डोमिनियन चित्रपटगृहात हिंदी चित्रपट लागू लागले.

कॅरिबियन कुटुंबेही त्याच परिसरात राहत होती. दोन्ही समाजांची भाषा, धर्म, अन्न आणि गाणी निराळी होती. मात्र खोली भाड्याने मागायला गेल्यावर किंवा नोकरीसाठी अर्ज केल्यावर दोघांच्याही वाट्याला बहुधा सारखाच नकार येई. घर आणि नोकरी यांबाबत असा भेदभाव करण्यास कायद्याने बंदी झाली ती १९६८ साली. तोपर्यंत पहिल्या पिढीची उमेदीची वर्षे निघून गेली होती. त्यांची मुले ब्रिटनमध्येच शिकली आणि वाढली. आईवडिलांनी मुकाट्याने सोसलेला अपमान सोसण्याची या दुसऱ्या पिढीची तयारी नव्हती.

रेगे म्हणजे काय?

रेगे हा संगीतप्रकार १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जमैका बेटावर आकाराला आला. त्याची लय ऐकताक्षणी ओळखू येते. बहुतेक पाश्चात्य लोकप्रिय संगीतात ज्या मात्रांवर भर असतो, त्या रेगेमध्ये मोकळ्या सोडल्या जातात आणि गिटारचा आघात दोन मात्रांच्या मधल्या जागेवर पडतो. ड्रमच्या एका प्रसिद्ध ठेक्यात तर पहिली मात्रा रिकामी ठेवून तिसरीवर जोर दिला जातो. बास गिटारचा खर्जातला स्वर सर्वांत ठळक असतो. तो कानांइतकाच छातीतही जाणवतो.

या संगीतातील ‘रूट्स रेगे’ ही शाखा रास्ताफारी पंथाशी निगडित आहे. ‘रूट्स’ म्हणजे मुळे. गुलाम म्हणून आफ्रिकेतून नेल्या गेलेल्या लोकांच्या वंशजांनी आपली मुळे ओळखावीत, आपल्या वर्णाची लाज बाळगू नये, हा तिचा मुख्य आशय. या गाण्यांत ‘बॅबिलॉन’ हा शब्द वारंवार येतो. बायबलमध्ये बॅबिलॉन हे ज्यूंना बंदिवासात ठेवणारे नगर आहे. रेगेमध्ये तो शब्द जुलमी सत्तेसाठी वापरला जातो. साहजिकच पोलिसांकडून रस्त्यात अडवल्या जाणाऱ्या लंडनमधील कृष्णवर्णीय तरुणांना तो आपल्याच अनुभवाचा शब्द वाटला. त्या काळी १८२४ च्या एका जुन्या कायद्याचा आधार घेऊन केवळ संशयावरून कोणालाही पकडता येत असे आणि त्याची झळ या तरुणांना अधिक बसत असे. कायद्यातील हे कलम १९८१ साली रद्द झाले.

‘मिस्टी इन रूट्स’ हा बँड १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास याच वातावरणात तयार झाला. वॉलफर्ड टायसन आणि डेल्विन टायसन हे त्यातील प्रमुख कलावंत. आरंभी त्यांनी जमैकाचे गायक निकी थॉमस यांना दौऱ्यात साथ केली. नंतर ते स्वतःची गाणी सादर करू लागले.

पाठगत प्रश्न १

(अ) रेगे संगीतात ‘बॅबिलॉन’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरतात?
(आ) साउथॉलमधील दोन समाजांत कोणते फरक होते आणि कोणता अनुभव समान होता?

द्वेषाचे वारे आणि संगीताचे उत्तर

१९७० नंतर ब्रिटनमध्ये महागाई आणि बेकारी वाढू लागली. अशा वेळी खऱ्या कारणांचा शोध घेण्यापेक्षा एखाद्या दुबळ्या गटाला दोषी ठरवणे सोपे असते. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल फ्रंट’ या पक्षाने हेच केले. गोरे नसलेल्या सर्व लोकांना देशाबाहेर पाठवावे, अशी त्याची मागणी होती. १९७७ साली लंडनच्या स्थानिक निवडणुकीत या पक्षाला सुमारे १,१९,००० मते मिळाली.

तत्पूर्वी, ४ जून १९७६ रोजी साउथॉलमध्ये डोमिनियन चित्रपटगृहाजवळ गुरदीपसिंग चग्गर या १८ वर्षांच्या विद्यार्थ्याचा गोऱ्या तरुणांच्या टोळीने भोसकून खून केला. त्या संतापातून ‘साउथॉल यूथ मूव्हमेंट’ ही तरुणांची संघटना जन्मास आली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी बर्मिंगहॅममधील मैफलीत, परदेशी लोकांना देशाबाहेर घालवावे, अशा आशयाची वक्तव्ये केली. विशेष म्हणजे दोनच वर्षांपूर्वी बॉब मार्ली या जमैकन गायकाचे गाणे गाऊन त्यांनी मोठे यश मिळवले होते. ज्यांचे संगीत आपण घेतो, त्यांनाच घराबाहेर काढायचे, ही विसंगती अनेकांना खटकली. छायाचित्रकार रेड सॉन्डर्स आणि त्यांच्या मित्रांनी संगीतविषयक नियतकालिकांना निषेधाचे पत्र लिहिले आणि त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’, म्हणजे ‘वर्णद्वेषाविरुद्ध रॉक संगीत’, ही चळवळ उभी राहिली.

या चळवळीची पद्धत साधी होती. एकाच मंचावर गोऱ्या मुलांचा पंक बँड आणि कृष्णवर्णीय मुलांचा रेगे बँड, असा कार्यक्रम ठेवायचा आणि शेवटी शक्यतो दोघांनी एकत्र वाजवायचे. एरवी वेगवेगळ्या ठिकाणी जाणारे श्रोते त्यामुळे एका सभागृहात येत. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रॅफल्गर चौकातून निघालेला मोर्चा पूर्व लंडनमधील व्हिक्टोरिया पार्कमध्ये पोहोचला, तेव्हा तेथे हजारोंचा समुदाय जमला होता. ‘द क्लॅश’ हा पंक बँड आणि बर्मिंगहॅमचा ‘स्टील पल्स’ हा रेगे बँड त्या दिवशी एकाच मंचावरून गायले. ‘मिस्टी इन रूट्स’ने तर या चळवळीसाठी गावोगावी इतके कार्यक्रम केले, की रेगे बँडमध्ये त्यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले.

पार्क व्ह्यू रोडवरील घर

मंचावरचे ऐक्य कार्यक्रमापुरते टिकते. ते रोजच्या जगण्यात उतरायचे, तर त्याला जागा लागते. साउथॉलमध्ये अशी जागा होती. पार्क व्ह्यू रोडवरील ६ क्रमांकाच्या घरात ‘पीपल्स युनाइट’ ही कलावंतांची सहकारी संस्था काम करीत असे. या नावाचा अर्थ ‘लोकहो, एक व्हा’ असा आहे. ‘मिस्टी इन रूट्स’ हा या संस्थेचा कणा होता. बेकार तरुणांनी येथे यावे, वाद्ये शिकावीत, सराव करावा, ध्वनियंत्रणा हाताळावी, असा हेतू होता. संस्थेने स्वतःच्या तबकड्याही काढल्या. ‘द रट्स’ या गोऱ्या तरुणांच्या पंक बँडची पहिली तबकडी १९७९ साली याच संस्थेच्या नावाने प्रसिद्ध झाली. मोठ्या कंपन्यांच्या दारात ताटकळणाऱ्या एका गोऱ्या बँडला कृष्णवर्णीय शेजाऱ्यांनी हात दिला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

२३ एप्रिल १९७९

१९७९ च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक होती. नॅशनल फ्रंटने २३ एप्रिल रोजी साउथॉलच्या टाउन हॉलमध्ये प्रचारसभा घेण्याचे ठरवले. साउथॉलमध्ये या पक्षाला पाठिंबा नव्हताच. ज्यांना हाकलून द्यायचे, त्यांच्याच दारात जाऊन ते बोलून दाखवणे, हा सभेचा उघड उद्देश होता. निवडणूक कायद्यानुसार उमेदवारांना सार्वजनिक सभागृहे मिळण्याचा हक्क होता. त्याचा आधार घेऊन परवानगी देण्यात आली. रहिवाशांनी आदल्या दिवशी मोर्चा काढून हजारो सह्यांचे निवेदन दिले. त्याचा उपयोग झाला नाही.

२३ तारखेला दुपारी दुकाने बंद झाली, कारखान्यांतील कामगार बाहेर पडले. टाउन हॉलसमोर शांतपणे बसून निषेध करायचा, असे ठरले होते. परंतु अडीच हजारांहून अधिक पोलिसांनी सभागृहाकडे जाणारे रस्ते अडवले. लोक ठिकठिकाणी कोंडले गेले. तणाव वाढला, चकमकी सुरू झाल्या आणि घोडदळासह पोलीस जमावावर चालून गेले.

‘पीपल्स युनाइट’च्या घरात त्या दिवशी जखमींवर प्रथमोपचार करण्याची आणि अटक झालेल्यांना कायद्याचा सल्ला देण्याची सोय केलेली होती. संध्याकाळी पोलीस त्या घरात घुसले. आतल्या लोकांना लाठ्या मारत बाहेर काढण्यात आले. वाद्ये आणि ध्वनियंत्रणा यांची मोडतोड झाली. बँडचे व्यवस्थापक क्लॅरन्स बेकर यांच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली. पुढे ती इमारतही पाडण्यात आली.

त्याच संध्याकाळी जवळच्या रस्त्यावर ब्लेअर पीच या ३३ वर्षांच्या शिक्षकाच्या डोक्यावर प्रहार झाला. ते मूळचे न्यूझीलंडचे. पूर्व लंडनमध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवीत असत. निषेधात सहभागी होण्यासाठी ते शहराच्या दुसऱ्या टोकाहून आले होते. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात इस्पितळात त्यांचा मृत्यू झाला. अंत्यविधीपूर्वी त्यांचे पार्थिव डोमिनियन चित्रपटगृहात ठेवण्यात आले, तेव्हा साउथॉलचे हजारो शीख रहिवासी अंत्यदर्शनासाठी रांगेत उभे राहिले. तीन वर्षांपूर्वी ज्या जागेजवळ गुरदीपसिंग पडला होता, तेथेच एका गोऱ्या शिक्षकाला लोकांनी आपला माणूस म्हणून निरोप दिला.

नंतरचे दिवस

त्या दिवशीच्या घटनांबद्दल सुमारे ३४५ जणांवर आरोप ठेवण्यात आले. खटले साउथॉलपासून दूर, बार्नेट येथे चालवले गेले. रोजगार बुडवून तेथे जाणे आणि वकिलाचा खर्च करणे सामान्य कुटुंबांना जड होते. अशा वेळी संगीताने आपले काम पुन्हा सुरू केले. जुलै १९७९ मध्ये लंडनच्या रेनबो नाट्यगृहात दोन दिवस मदतनिधीचे कार्यक्रम झाले. ‘साउथॉलची मुले निर्दोष आहेत’ अशा अर्थाचे त्यांचे नाव होते. ‘मिस्टी इन रूट्स’, ‘द रट्स’, ‘द क्लॅश’ आणि पीट टाउनशेंड हे कलावंत त्यांत सहभागी झाले. ‘द रट्स’ने क्लॅरन्स बेकर यांच्यावरील हल्ल्याविषयी ‘जाह वॉर’ हे गीतही रचले.

‘मिस्टी इन रूट्स’चा बेल्जियममध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘लाइव्ह ॲट द काउंटर युरोव्हिजन ७९’ हा संग्रह त्यांच्या स्वतःच्या संस्थेतर्फे निघाला. बीबीसी रेडिओचे निवेदक जॉन पील यांनी तो आवर्जून ऐकवला. १९८२ साली हा बँड नुकत्याच स्वतंत्र झालेल्या झिंबाब्वेच्या आणि शेजारच्या झांबियाच्या दौऱ्यावर गेला. ज्या मुळांविषयी ते गात आले होते, त्या आफ्रिकेत त्यांचा सूर पोहोचला. १९८५ च्या त्यांच्या संग्रहाला त्यांनी ‘मुसी-ओ-तुन्या’ हे व्हिक्टोरिया धबधब्याचे स्थानिक नाव दिले.

संगीताने काय साधले?

३ मे १९७९ च्या निवडणुकीत नॅशनल फ्रंटचे ३०३ उमेदवार उभे होते. त्या सर्वांची अनामत जप्त झाली. या पराभवाचे श्रेय केवळ गाण्यांना देता येणार नाही. रस्त्यावरचे आंदोलन, कामगार संघटनांचा विरोध आणि इतर पक्षांनी केलेली मतांची ओढाताण, अशी त्याची अनेक कारणे आहेत.

शिवाय संगीत आपोआप चांगल्याच बाजूला उभे राहते, असेही नाही. ३ जुलै १९८१ रोजी साउथॉलच्या हॅम्ब्रो टॅव्हर्न या मद्यगृहात काही बँडचा कार्यक्रम होता. त्यासाठी बाहेरून आलेल्या स्किनहेड तरुणांनी वाटेत दुकानांची नासधूस केली व रहिवाशांना त्रास दिला. चिडलेल्या स्थानिक तरुणांनी त्या रात्री ते मद्यगृहच जाळले. म्हणजे एकाच उपनगरात दोन वर्षांच्या अंतराने संगीत माणसे जोडण्याचेही निमित्त झाले आणि तोडण्याचेही. फरक पडला तो गाण्याभोवती कोण, कशासाठी जमले यामुळे.

न्यायाची वाटही लांब ठरली. ब्लेअर पीच यांचा मृत्यू अपघाती स्वरूपाचा असल्याचा निर्णय १९८० मध्ये चौकशीतील ज्यूरीने दिला. पोलिसांचा अंतर्गत अहवाल मात्र २०१० पर्यंत लोकांसमोर आला नाही. हा जीवघेणा प्रहार बहुधा एका पोलीस अधिकाऱ्यानेच केला असावा, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही त्याबद्दल कोणावरही खटला झाला नाही. साउथॉलमधील एका प्राथमिक शाळेला ब्लेअर पीच यांचे नाव देऊन लोकांनी आपल्यापुरती त्यांची आठवण जपली आहे.

मग ‘मिस्टी इन रूट्स’ने नेमके काय केले? त्यांनी कायदा बदलला नाही की निवडणूक जिंकली नाही. एकमेकांपासून दूर ठेवल्या गेलेल्या माणसांना त्यांनी एकत्र बसण्यासाठी एक घर आणि एकत्र ऐकण्यासाठी एक सूर दिला. त्यामुळे संकट आले, तेव्हा पंजाबी कामगार, कॅरिबियन वादक आणि गोरा शिक्षक यांना एकमेकांची नव्याने ओळख करून घ्यावी लागली नाही. ते घर पाडले गेले. पण तेथे जुळलेली नाती न्यायालयाच्या दारापर्यंत आणि त्याच्याही पुढे टिकून राहिली.

आपण काय शिकलात?

• रूट्स रेगे हे आत्मसन्मानाचे आणि अन्यायाच्या निषेधाचे संगीत आहे.
• आर्थिक अडचणींच्या काळात द्वेषाचे राजकारण दुबळ्या गटांना लक्ष्य करते.
• ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ने गोऱ्या व कृष्णवर्णीय कलावंतांना एका मंचावर आणले, ‘पीपल्स युनाइट’ने त्या ऐक्याला कायमची जागा दिली.
• संगीत एकट्याने अन्याय दूर करीत नाही. परंतु लढणाऱ्या माणसांमध्ये विश्वास निर्माण करते.

शब्दार्थ

वर्णद्वेष – कातडीच्या रंगावरून केला जाणारा द्वेष
विसंगती – मेळ नसणे
खर्ज – स्वराची खालची पातळी
पार्थिव – मृत शरीर
अनामत – निवडणुकीसाठी उमेदवाराने भरलेली ठेव

स्वाध्याय

१. ‘मंचावरचे ऐक्य कार्यक्रमापुरते टिकते’, या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. डोमिनियन चित्रपटगृहाचा उल्लेख पाठात कोणकोणत्या प्रसंगी आला आहे? त्यातून साउथॉलच्या जीवनाविषयी काय समजते?
३. १९७९ व १९८१ मधील साउथॉलच्या घटनांची तुलना करा.
४. आपल्या परिसरात लोकांना एकत्र आणणारे एखादे गाणे, भजनी मंडळ किंवा कलापथक असल्यास त्याविषयी दहा ओळी लिहा.